व्हिडिओ सुरू करण्याआधी पॉज करा

२ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेचे कमांडर डेव्हिड स्कॉट चंद्रावर कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. उजव्या हातात सव्वा किलोहून जड हातोडा, डाव्या हातात ससाण्याचं पीस. दोन्ही त्यांनी एकाच क्षणी सोडली आणि जेमतेम दीड सेकंदात दोन्ही एकदमच जमिनीला टेकली. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पिसाला अडवणारं काही नव्हतं. वर्गात दाखवायला याहून छोटा आणि याहून चांगला व्हिडिओ मला तरी माहीत नाही.

आता हाच व्हिडिओ दोन प्रकारे दाखवता येतो. पहिला प्रकार सर्रास दिसतो. शिक्षक आधी नियम सांगतात, ‘आता प्रत्यक्ष बघा’ म्हणतात, मुलं बघतात, खूश होतात आणि तास पुढे सरकतो. दुसऱ्या प्रकारात स्कॉट यांनी दोन्ही हात समोर धरलेत तिथेच चित्र थांबवायचं आणि प्रत्येकाला वहीत लिहायला लावायचं: आधी काय पडेल आणि का? कुणी लिहितं, ‘हातोडा, कारण तो जड आहे.’ कुणी बरोबर लिहितं. आणि हमखास कुणीतरी लिहितं, ‘काहीच पडणार नाही, चंद्रावर गुरुत्वाकर्षण नसतं.’ हा गैरसमज शिक्षकाच्या ध्यानीमनीही नसतो. विचारलं नसतं तर तो मुलाच्या डोक्यात तसाच राहिला असता आणि व्हिडिओ बघूनही हललाच असता याची खात्री नाही.

हा फरक संशोधनातही दिसलेला आहे. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गातल्या प्रात्यक्षिकांचा अभ्यास करून २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्यांनी प्रात्यक्षिक नुसतं पाहिलं, त्यांची समज ते अजिबात न पाहिलेल्यांपेक्षा जेमतेमच बरी होती. काय घडेल याचा अंदाज ज्यांनी आधी नोंदवला, त्यांना मात्र ठळक फायदा झाला. अंदाजाला लागणारा वेळ दोन-चार मिनिटांचा. ही प्रात्यक्षिकं वर्गात समोर घडणारी होती, पडद्यावरची नव्हती, पण व्हिडिओला हा धडा आणखीच लागू पडतो असं मला वाटतं, कारण पडद्यासमोर नुसतं बसून राहणं अधिक सोपं असतं.

याच मुद्द्यावर सिडनी विद्यापीठात डेरेक मुलर यांनी पीएच.डी. केली (२००८). न्यूटनचे नियम शिकवणारे दोन तऱ्हेचे व्हिडिओ त्यांनी तपासले. एकात विषय सरळ, स्वच्छ, मुद्देसूद मांडलेला. दुसऱ्यात दोघांचा संवाद, आणि त्यातला विद्यार्थी नेहमीच्या चुका बोलून दाखवतो: वर फेकलेल्या चेंडूवर हाताचं बल सुटल्यानंतरही काम करत राहतं, वगैरे. मग त्या चुका एकेक करून सुटतात. स्वच्छ मांडणीचा व्हिडिओ विद्यार्थ्यांना सोपा आणि स्पष्ट वाटला, पण चाचणीतले त्यांचे गुण फारसे वाढले नाहीत. संवादाचा व्हिडिओ गोंधळाचा वाटला, डोक्याला ताण द्यावा लागला, आणि शिकणं त्यातूनच जास्त झालं. ‘हे तर मला येतंच’ असं वाटलं की मेंदू पुढचं काळजीपूर्वक ऐकत नाही.

मानसशास्त्रज्ञ शाना कारपेंटर यांचा २०१३ मधला प्रयोग तर फारच बोलका आहे. विषय होता तिरंगी मांजरी जवळजवळ नेहमी माद्याच का असतात हा. मिनिटभराचे दोन व्हिडिओ, मजकूर शब्दशः एकच. एकात शिक्षिका ताठ उभी राहून, नजरेला नजर देत ओघवतं बोलते. दुसऱ्यात ती वाकून कागदात बघत अडखळत वाचते. पहिला व्हिडिओ पाहिलेल्यांना आपल्या लक्षात बरंच राहील अशी खात्री वाटली. प्रत्यक्षात दोन्ही गटांच्या लक्षात जवळपास सारखंच राहिलं. म्हणून झकास व्हिडिओ संपल्यावर ‘समजलं का?’ या प्रश्नाला संपूर्ण वर्गाने एका सुरात दिलेल्या होकारावर विसंबू नये. मुलं खोटं बोलत नसतात, त्यांना खरोखरच समजल्यासारखं वाटत असतं.

लांबीबद्दलही एक गैरसमज रुजला आहे. एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांत व्हिडिओ पाहिले गेल्याच्या ६९ लाख नोंदींचं विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतो, असं त्यातून दिसलं. तेव्हापासून ‘सहा मिनिटांचा व्हिडिओ’ हा जणू नियमच झाला. पण ते विश्लेषण लोक किती वेळ बघतात याचं होतं. ते किती शिकतात, हे त्यात मोजलेलंच नव्हतं.

शिकण्याच्या बाजूने बघितलं तर अडचण कार्यकारी स्मृतीची आहे. आपण ज्या माहितीवर या क्षणी विचार करतो, ती इथे तात्पुरती थांबते आणि तिथली जागा ओंजळीएवढी असते. एका वेळी चार-पाच नव्या गोष्टी आल्या की पहिली सांडू लागते. पुस्तकातली आकृती समोर स्थिर असते, हवं तितकं थांबून तिच्याकडे परत बघता येतं. व्हिडिओतलं चित्र तोवर निघून गेलेलं असतं. रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर यांनी २००१ मध्ये वीज कशी चमकते हे सांगणारं १४० सेकंदांचं ॲनिमेशन घेतलं आणि त्याचे १६ तुकडे केले. प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्याने बटण दाबलं की पुढचा सुरू. मजकूर तोच, चित्रं तीच. तरीही तुकड्यातुकड्याने बघणाऱ्यांना शिकलेलं नव्या प्रश्नांना लावणं अधिक चांगलं जमलं. अडीच मिनिटांचा व्हिडिओसुद्धा नवशिक्याला लांब असू शकतो, तो असा. वर्गात ते बटण शिक्षकाच्या हातात असतं, आणि ते वापरायला संकोच वाटायचं काही कारण नाही.

कुठल्या विषयात व्हिडिओ चालतो, हा प्रश्न मला नेहमी उलटा विचारावासा वाटतो: या ठिकाणी हालचाल बघितल्याशिवाय समजणारच नाही असं काही आहे का? पांढरी रक्तपेशी तांबड्या पेशींच्या गर्दीतून वाट काढत जिवाणूचा पाठलाग करते, ही डेव्हिड रॉजर्स यांनी १९५०च्या दशकात सूक्ष्मदर्शकातून टिपलेली चित्रफीत याचं उत्तम उदाहरण. ते दृश्य शब्दांत सांगून पोचत नाही. समीकरण सोडवण्याच्या पायऱ्या मात्र फळ्यावरच बऱ्या, कारण मागची ओळ पुसली जात नाही. भाषेच्या तासाला आवाज बंद करून एखादा प्रसंग दाखवावा आणि मुलांना संवाद लिहायला सांगावेत. हातकामाच्या बाबतीत जपून राहावं. टेबलावरची भांडी न पाडता खालचं कापड झटक्यात ओढण्याची करामत वीस वेळा पाहिलेल्यांचा आत्मविश्वास वाढतो, कौशल्य वाढत नाही, हे २०१८ मधल्या एका अभ्यासात दिसलं आहे.

आणि कधी कधी एकच फीत भौतिकशास्त्रालाही पुरते आणि गणितालाही. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्यात पिळवटत कोसळला, त्याचं चित्रीकरण आजही भौतिकशास्त्राच्या वर्गात दाखवलं जातं आणि सोबत ‘हा अनुनाद’ असं बिनदिक्कत सांगितलं जातं. हे स्पष्टीकरण अपुरं आहे. अनुनादासाठी बाहेरून येणाऱ्या धक्क्यांचा ठेका पुलाच्या स्वतःच्या ठेक्याशी जुळावा लागतो. त्या वाऱ्यात पुलामागे भोवरे तयार झाले असते ते सेकंदाला साधारण एक, आणि पूल पिळवटत होता मिनिटाला सुमारे १२ वेळा. ठेका जुळतच नाही. पुलाची स्वतःची हालचालच वाऱ्यातून ऊर्जा खेचत गेली आणि वाढत गेली, हे बिल्लाह आणि स्कॅनलन या संशोधकांनी १९९१ मध्ये नीट उलगडून दाखवलं. म्हणून ही फीत निवेदन बंद करून दाखवावी आणि मुलांना घड्याळ लावून पिळे मोजायला सांगावेत. प्रचलित व्हिडिओत मिनिटाला १२ ऐवजी १८च्या आसपास भरतात. आकडा का जुळत नाही यावर वर्गाला डोकं खाजवू द्यावं. चित्रीकरण सेकंदाला १६ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगाने झालं होतं आणि पुढे ते २४च्या वेगाने उतरवलं गेलं, असं अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं. २४ भागिले १६ म्हणजे दीड, आणि १२ची दीडपट १८. हा भागाकार मुलांनी स्वतः करेपर्यंत उत्तर सांगू नये.