सौंदर्यशस्त्रक्रियेची पहिली भेट इंग्रजीत असेल तर
आमच्या दुभाषा सेवेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘ऱ्हायनोप्लास्टी’, ‘ॲब्डॉमिनोप्लास्टी’ असल्या शब्दांची अनेकांना धास्ती असते. ती सोडून द्या. हे शब्द जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या अनेकांनाही कळत नाहीत, त्यामुळे सर्जन ते समजावून सांगतातच. घोटाळा होतो तो ‘येस’, ‘स्टमक’, ‘शुगर’ अशा रोजच्या शब्दांत, कारण तिथे काही चुकतंय अशी शंकाही कुणाला येत नाही.

‘हो’ आणि ‘नाही’

भूल देण्याआधी विचारतात, ‘यू हॅवन्ट ईटन एनिथिंग, हॅव यू?’ आपल्याला ते ‘काही खाल्लं नाही ना?’ असं ऐकू येतं. उपाशी माणूस ‘हो, नाही खाल्लं’ या अर्थी ‘येस’ म्हणतो. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘खाल्लंय’ असा होतो. यात फार तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल. उलट प्रकार जिवावरचा आहे. खाल्लेला माणूस ‘नाही, खाल्लंय’ या अर्थी ‘नो’ म्हणतो आणि समोरचा त्याला उपाशी समजतो. भूल चढल्यावर पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून ‘ना?’ वळणाच्या प्रश्नाला ‘येस-नो’ उत्तर देऊच नका. पूर्ण वाक्य बोला: ‘आय एट ॲट सेव्हन’ किंवा ‘आय हॅव ईटन नथिंग सिन्स लास्ट नाइट’.

‘डू यू माइंड इफ आय टेक फोटोज?’ हाही तसलाच प्रश्न. इथे ‘येस’ म्हणजे ‘माझी हरकत आहे’.

एक मराठी शब्द, दोन इंग्रजी अवयव

पापणी म्हणजे ‘आयलिड’ही आणि ‘आयलॅश’ही. हात म्हणजे ‘हँड’ आणि ‘आर्म’, पाय म्हणजे ‘फुट’ आणि ‘लेग’. कंबर ‘वेस्ट’ही असते आणि पाठीचा खालचा भागही. ‘स्टमक’ म्हटलं तर डॉक्टर जठराचा विचार करू शकतात. सुटलेल्या पोटाला ‘बेली’ किंवा ‘टमी’ म्हणा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आरसा मागा आणि बोट ठेवून दाखवा. शस्त्रक्रियेचं नाव सुचवण्यापेक्षा काय खटकतं ते सांगा. डोळा थकलेला दिसण्यामागे पापणीची सैल कातडी असेल, खाली आलेली भुवई असेल किंवा पापणी उचलणाऱ्या स्नायूचा दोष असेल. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

स्वतःचे समोरून, तिरके आणि बाजूने काढलेले फोटो न्या, फिल्टर न लावता. दुसऱ्या कुणाचा चेहरा दाखवलात तर त्यातलं नेमकं काय आवडतं तेही सांगा. संगणकावर दाखवलेलं ‘नंतरचं’ चित्र हा अंदाज असतो, हमी नसते.

आजार आणि औषधं

‘आय हॅव शुगर’ने काहीच कळत नाही, ‘डायबिटीस’ म्हणा. ‘आय हॅव थायरॉईड’ही अपुरं आहे, कारण ती ग्रंथी प्रत्येकालाच असते. तिचं काम कमी चालतं की जास्त, ते सांगा. ‘पित्त’ हा शब्द सर्वांत फसवा. छातीत जळजळ आणि आंबट ढेकर असतील तर ‘ॲसिड रिफ्लक्स’, अंगावर उठणारं पित्त म्हणजे ‘हाइव्ह्ज’, आणि अर्धं डोकं दुखून उलटी होणारं ‘पित्त’ बहुधा ‘मायग्रेन’ असतं. पहिलं भूलतज्ज्ञाला कळायलाच हवं, दुसऱ्यावरून ॲलर्जीची चौकशी सुरू होते. शब्दकोशातला ‘बाइल’ सांगितलात तर चर्चा पित्ताशयाकडे वळेल.

औषधांची यादी टाइप करून न्या: ब्रँडचं नव्हे तर घटकाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. ब्रँड देशागणिक बदलतात. घटकाचं नावही कधी बदलतं: पॅरासिटामॉल काही देशांत ‘ॲसिटामिनोफेन’ असतं, ॲड्रेनलिन ‘एपिनेफ्रिन’. काढे, चूर्णं, जीवनसत्त्वं, माशाच्या तेलाच्या गोळ्या हेही यादीत हवं. यातल्या काहींनी रक्तस्राव वाढू शकतो. ॲस्पिरिनचा परिणाम साधारण ७ ते १० दिवस राहतो. पण हृदयासाठी घेत असाल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका.

‘डू यू स्मोक?’ला विडी-सिगारेट न ओढणारे ‘नो’ म्हणून मोकळे होतात. प्रश्न निकोटिनचा असतो. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि उचलून ताणलेल्या कातडीला रक्त पुरत नाही. ती काळी पडून मरू शकते. तोंडात धरायची तंबाखू, व्हेप, निकोटिनचे पॅच हे सगळं सांगा. बरेच सर्जन शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान ४-४ आठवडे ते बंद ठेवायला सांगतात.

ओळखीचे पण वेगळे शब्द

‘रिव्हिजन’ म्हणजे उजळणी नव्हे, पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया. ‘डिस्चार्ज’ म्हणजे घरी सोडणं, आणि जखमेतला स्रावही. ‘ड्रेन’ म्हणजे साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी. ‘डिसकम्फर्ट’ हा वेदनेसाठी वापरलेला गुळगुळीत शब्द आहे. ऐकलात की विचारा, ‘हाऊ मेनी डेज विल आय नीड पेनकिलर्स?’

आकडे ऐकून सोडू नका, लिहून घ्या. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ घाईत सारखेच वाटतात. ०३/०४ ही तारीख कुठे ३ एप्रिल असते, कुठे ४ मार्च. ‘एव्हरी अदर डे’ म्हणजे दिवसाआड.

खर्चाचं पत्रक लेखीच मागा आणि त्यात सर्जन, भूल, रुग्णालय, तपासण्या, शस्त्रक्रियेनंतर घालायचे घट्ट पट्टा-कपडे आणि नंतरच्या भेटी धरल्यात का ते पाहा. रिव्हिजन लागलीच तर पैसे कोण देणार, हा प्रश्न आधीच विचारा. नंतर विचारणं अवघड जातं.

दुभाषा

नवरा, बहीण किंवा मुलगी दुभाषी म्हणून नको. ती प्रेमापोटी धोके सौम्य करून सांगतात, मध्येच आपलं मत घालतात. शिवाय गर्भधारणा, नैराश्य, आधीच्या शस्त्रक्रिया यांबद्दल प्रश्न येतात तेव्हा त्यांच्यादेखत खरं सांगणं जड जातं. असे प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, मनावर घेऊ नका.

आमचा दुभाषा तुम्ही ‘मी’ म्हणाल तिथे ‘मी’च म्हणेल, काही गाळणार नाही आणि सल्ला देणार नाही. प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जाते, म्हणून भेट ठरवतानाच दुप्पट वेळ मागा. आरसा आणि रेखाटनं वापरायची असल्याने फोनपेक्षा प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरचा दुभाषा बरा. दोन-तीन वाक्यांनंतर थांबा. शेवटी समजलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगा. चूक असेल तर तिथेच उघडी पडते. संमतीपत्र घरी न्यायला मागा. शस्त्रक्रियेच्या दिवशी, गाऊन घालून बसल्यावर ते वाचून घेण्यात अर्थ नसतो.

घरी आल्यानंतर

दुभाषा मध्यरात्री शेजारी नसेल. ही वाक्यं फोनजवळ चिकटवून ठेवा. एकच बाजू अचानक फुगली: ‘वन साइड इज सडनली मच मोर स्वोलन’. पू किंवा ताप: ‘आय हॅव पस’, ‘आय हॅव अ फीव्हर’. पोटरी दुखते, सुजली आहे: ‘माय काफ इज पेनफुल अँड स्वोलन’. ही सर्जनच्या तातडीच्या क्रमांकावर लगेच सांगा. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर क्लिनिकची वाट पाहू नका, थेट रुग्णवाहिकेला फोन करा: ‘आय हॅड सर्जरी. आय कॅनॉट ब्रीद प्रॉपर्ली.’ आणि लगोलग पत्ता सांगा.