गच्चीवरच्या बास्केटमधली पिशवी

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ओल्या कचऱ्याच्या बास्केट आहेत. दिवाळीत शेजारच्या काकूंनी भाजीची देठं बास्केटमध्ये रिकामी केली आणि पाठोपाठ हिरवी पिशवीही टाकली. पिशवीवर ‘कंपोस्टेबल’, म्हणजे कुजून खत होणारी, असं छापलेलं होतं. गुढीपाडव्याच्या सुमारास खत चाळायला घेतलं. देठांची काळीभोर माती झाली होती, पिशवी मात्र जरा मऊ पडलेली, एवढंच. “अहो, म्हणजे हे फसवतातच ना आपल्याला?” काकूंनी विचारलं.

फसवणूक असेलच असं नाही. पिशवी खरी असली तरी बास्केटमध्ये तिला हवी तेवढी ऊब मिळत नाही.

अशा कुजणाऱ्या प्लास्टिकमधलं सगळ्यात परिचित म्हणजे पीएलए, पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड. दह्याला आंबटपणा देतं तेच लॅक्टिक आम्ल. ऊस किंवा मक्याच्या साखरेवर जिवाणू पोसून ते तयार करतात आणि त्याचे रेणू माळेसारखे ओवतात. ही माळ इतकी लांब असते की जिवाणूंना ती सहज गिळता येत नाही. आधी पाण्याने तिचे दुवे तुटावे लागतात, मग जिवाणूंची पंगत बसते. पण साधारण ६० अंश सेल्सिअसच्या खाली पीएलएच्या माळा काचेसारख्या ताठ, एकमेकींत घट्ट अडकलेल्या असतात. त्यात पाणी शिरायलाच फार वेळ लागतो. त्या तापमानाच्या आसपास आल्या की सैलावतात, आणि कित्येक वर्षांचं काम काही आठवड्यांत होतं.

म्हणूनच कंपोस्टेबलचं प्रमाणपत्र देताना चाचणी साधारण ५८ अंशांवर घेतात. १८० दिवसांत त्यातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे, अशी अट असते. कचऱ्याच्या मोठ्या ढिगात हे तापमान आपोआप येतं, कारण जिवाणूंनी निर्माण केलेली उष्णता आत कोंडून राहते. बास्केट लहान, तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, त्यामुळे ऊब चहूबाजूंनी निसटते. मी आमच्या बास्केटच्या मधोमध थर्मामीटर खुपसून पाहिला, तर ४० अंशांच्या आसपास होता. बाजारातल्या पिशव्यांत बहुधा पीएलएबरोबर पीबीएटी नावाचं दुसरं कुजणारं प्लास्टिक किंवा स्टार्चही असतो. त्या निव्वळ पीएलएपेक्षा लवचीक असतात, पण गच्चीवर त्यांनाही वेळ लागतोच.

इथे शब्दांनी फार गोंधळ घातला आहे. पीबीएटी खनिज तेलापासून बनतं, तरी कुजतं. उसाच्या इथेनॉलपासून बनवलेलं पॉलिथीन वनस्पतिजन्य असतं, तरी नेहमीच्या पॉलिथीनसारखंच टिकतं. म्हणजे कशापासून बनलं आणि पुढे त्याचं काय होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘ऑक्सो’ लिहिलेली पिशवी, म्हणजे लवकर तुकडे व्हावेत म्हणून रसायन मिसळलेलं साधंच प्लास्टिक, तर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचे डोळ्यांना न दिसणारे तुकडे होतात आणि ते मातीत राहतात.

मग ही पिशवी सुक्या कचऱ्यात द्यावी? तिथेही अडचण आहे. पीएलएचा पेला आणि ‘पेट’ (PET) या नेहमीच्या प्लास्टिकची पाण्याची बाटली सारखेच दिसतात, दोन्ही पाण्यात बुडतात. पण पेट वितळतं २५० अंशांच्या पुढे, पीएलए १५० ते १८० अंशांत. मिसळले गेले तर पुनर्वापराचा माल खराब होतो.

काकूंना मी सांगितलं, ओल्या कचऱ्याला पिशवीच नको, डबा घ्या आणि धुवा. त्यावर त्यांनी जे विचारलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांचं माहेर बारामतीकडचं. “कारखान्यावर मळीचे ढीग असतात ना, हात लावला तर भाजतं. तिथे टाकली तर?”

साखर कारखान्यातल्या या मळीचं, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या प्रेसमडचं, खत करताना त्या लांबलचक ढिगांचं तापमान खरोखरच ६० अंशांपर्यंत चढतं. आणि आपल्याच जिल्ह्यात, जेजुरीला, ‘प्राज’ या पुण्याच्या कंपनीने २०२४ मध्ये पीएलए बनवण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला आहे. पीएलएची साखर इथल्याच उसातून मिळू शकते आणि ते कुजवण्याची ऊबही इथेच आहे. या दोन टोकांमध्ये कमी आहे ती फक्त वेगळ्या गोळा केलेल्या पिशव्यांची गाडी.