स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओतले सरकते पट्टे

माझ्या भाचीच्या शाळेचं स्नेहसंमेलन तिच्या दादाने नव्या डीएसएलआरवर चित्रित केलं. घरी येऊन लॅपटॉपवर लावलं तर रंग सुरेख, चेहरे स्पष्ट, पण सगळ्या चित्रावर दोन-तीन आडवे काळपट पट्टे. तेही स्थिर नाहीत, वरून खाली हळूहळू सरकणारे. कुणी म्हणालं कार्ड खराब, कुणी म्हणालं कॅमेरा सदोष आहे, बदलून घ्या. मी ती फाइल मागून घेतली आणि घड्याळ लावून बसलो. कॅमेऱ्यात काहीही बिघाड नव्हता. त्या पट्ट्यांमध्ये जे दडलेलं होतं, ते मला नाचापेक्षाही मोलाचं वाटलं.

थोडं मागे जाऊ. डीएसएलआर हा मुळात फोटोंचा कॅमेरा. लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या तिरक्या आरशावरून व्ह्यूफाइंडरकडे, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीकडे जातो आणि बटण दाबलं की आरसा क्षणभर वर उचलला जातो. व्हिडिओ घेताना तो सारा वेळ वरच ठेवावा लागतो, म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो आणि मागच्या पडद्याकडे पाहत काम करावं लागतं. ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर झालेला निकॉनचा डी९० हा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर. पुढच्याच महिन्यात कॅननने ५डी मार्क २ जाहीर केला आणि चित्रच पालटलं. त्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे फोटोच्या जुन्या फिल्मइतका. घरगुती हँडीकॅमचा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षाही लहान असायचा. सेन्सर मोठा असला की माणूस स्पष्ट आणि मागची भिंत विरघळलेली, असं सिनेमासारखं चित्र मिळतं. लघुपट करू पाहणाऱ्या मुलांच्या हाती ते पहिल्यांदाच आलं.

आता पट्ट्यांकडे. आपण धरून चालतो की व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे एक क्षण. बहुतेक कॅमेऱ्यांत तसं नसतं. सेन्सरवर प्रकाश मोजणाऱ्या कप्प्यांच्या हजारो आडव्या ओळी असतात आणि त्या एकामागून एक वाचल्या जातात. लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. एक जण ओळीने केळीची पानं मांडत निघाला आहे. ठरावीक अंतर राखून दुसरा त्याच्या मागून पानं उचलत येतो आहे. प्रत्येक पान जमिनीवर सारखाच वेळ राहतं, पण पहिलं पान मांडलं तेव्हाची वेळ आणि शेवटचं मांडलं तेव्हाची वेळ वेगळी. पान मांडणं म्हणजे सेन्सरची ओळ कोरी करणं, उचलणं म्हणजे ती वाचून घेणं. त्या दोघांमधलं अंतर म्हणजे शटरचा वेग. आणि पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायला जो वेळ लागतो तो सुरुवातीच्या डीएसएलआरमध्ये साधारण २० ते ३० मिलिसेकंद होता. या पद्धतीला रोलिंग शटर म्हणतात.

धावत्या गाडीच्या खिडकीतून काढलेल्या व्हिडिओत विजेचे खांब तिरके दिसतात ते यामुळेच. वरची ओळ वाचली तेव्हा खांब जिथे होता, खालची ओळ वाचेपर्यंत तो तिथे उरलेला नसतो. ही गोष्ट इलेक्ट्रॉनिक्सच्याही आधीची आहे. फ्रेंच छायाचित्रकार झाक आंरी लार्तीग याने १९१० च्या दशकात शर्यतीच्या मोटारीचा एक फोटो काढला. त्यात मोटारीचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलं आहे आणि कडेचे प्रेक्षक उलट्या बाजूला कलले आहेत. त्याच्या कॅमेऱ्यात कापडी पडद्यातली फट काचेवरून सरकत जायची. म्हणजे तीच पंगत.

आता दिव्यांचं बघू. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. प्रत्येक आवर्तनात व्होल्टेज दोनदा शून्यावर येतं, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. तारेच्या जुन्या बल्बची तार एवढ्यात थंड होत नाही, त्यामुळे त्यात हा फरक कमी. डोळ्याला यातलं काहीच कळत नाही. सेन्सरला कळतं.

पुन्हा पंगतीत या. समजा दर १० मिनिटांनी सगळ्या पानांवर एकाच वेळी एकेक लाडू पडतो. प्रत्येक पान २० मिनिटं ठेवलं, तर ते केव्हाही मांडलेलं असो, त्यावर बरोबर दोन लाडू पडणार. पण पान ८ मिनिटंच ठेवलं, तर बहुतेकांना एक लाडू मिळेल आणि काही पानं कोरीच उचलली जातील. मिनिटांच्या जागी मिलिसेकंद घाला. शटर १/५० म्हणजे २० मिलिसेकंद, त्यात उजेडाचे पूर्ण दोन ठोके बसतात, प्रत्येक ओळीला सारखा प्रकाश. शटर १/१२५ म्हणजे ८ मिलिसेकंद, मग काही ओळी उपाशी. त्याच काळ्या पट्ट्या. खरा उजेड लाडवासारखा एकदम पडत नाही, चढत-उतरत येतो, म्हणून पट्ट्यांच्या कडा पुसट असतात. वाचनाला २५ मिलिसेकंद लागत असतील तर चित्राच्या उंचीत साधारण अडीच पट्टे मावतील. भाच्याने शटर १/१२५ ठेवलं होतं आणि पट्टे दोन-तीन दिसत होते. हिशेब जुळला.

पण ते सरकत का होते? यापुढे थोडी आकडेमोड आहे, आणि ती मला गाळवत नाही. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेत होता, म्हणजे दर ४० मिलिसेकंदांनी एक. वीज तंतोतंत ५० हर्ट्झ असती तर ४० मिलिसेकंदांत उजेडाचे बरोबर चार ठोके पडले असते, प्रत्येक फ्रेममध्ये पट्टे त्याच ओळींवर आले असते आणि चित्रावर थिजल्यासारखे दिसले असते. ते खाली सरकत होते, म्हणजे ठोके प्रत्येक फ्रेममध्ये किंचित उशिरा पडत होते. एक पट्टा त्याच्या खालच्या पट्ट्याच्या जागी पोचायला जवळपास १० सेकंद लागले. म्हणजे १० सेकंदांत १,००० ऐवजी ९९९ ठोके, उजेड ९९.९ हर्ट्झ आणि वीज ४९.९५ हर्ट्झ. कॅमेऱ्यातलं क्वार्ट्झ घड्याळ या कामाला पुरेसं नेमकं असतं.

आपल्या ग्रिडसाठी, म्हणजे जोडलेल्या वीजजाळ्यासाठी, ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ ही मर्यादा नियमांनी आखून दिलेली आहे. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की सगळी जनित्रं किंचित मंदावतात, मागणी घटली की वेग वाढतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, तेव्हापासून कोयनेची जनित्रं आणि तामिळनाडूतली जनित्रं एकाच ठेक्यावर फिरतात. संध्याकाळी घराघरांत दिवे लागत असताना त्या ठेक्याला बसलेला ओढा एका शाळेच्या मांडवातल्या व्हिडिओत उमटला होता. विजेच्या वारंवारतेचा असा माग काढून ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत कधीची आहे हे तपासण्याची पद्धत न्यायवैद्यक शास्त्रात वापरली जाते.

फ्रेम आणि ठोका जुळण्याच्या याच गणितातून पाती न फिरवता उडणारं हेलिकॉप्टर दिसतं. पाच पाती, सेकंदाला पाच फेऱ्या, म्हणजे दर १/२५ सेकंदाला एक पातं दुसऱ्याच्या जागी येतं. कॅमेरा २५ फ्रेमवर असला आणि शटर पुरेसं वेगवान ठेवलं की पंखा थिजतो. हा व्हिडिओ प्राचीन विमानविद्येचा पुरावा म्हणून मला आजवर अनेकदा पाठवला गेला आहे. पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे की घरातल्या पंख्याचा व्हिडिओ शटर बदलून बदलून घ्या आणि आपल्या डोळ्यांनी बघा.

तर आपल्या देशात घरात किंवा मांडवात व्हिडिओ घेताना शटर १/५०, आणि मेनूमध्ये पाल म्हणजे २५ फ्रेमची पद्धत. यात एक सुंदर योगायोग आहे. फिल्म कॅमेऱ्याच्या फिरत्या चकतीमुळे फ्रेमच्या अर्ध्या वेळातच प्रकाश आत यायचा, हालचालीचा तेवढाच फरफटा आपल्या डोळ्यांना सिनेमाचा म्हणून सवयीचा आहे, आणि २५ फ्रेमचा अर्धा वेळ नेमका १/५० येतो.

शटर असं एका जागी अडकवलं की उन्हात पंचाईत होते. लख्ख उन्हात आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी, १०० ठेवली तर १/५० साठी लेन्सचं एफ २२ एवढं लहान छिद्र लागतं. मागची भिंत विरघळवायला मात्र एफ २.८ एवढं मोठं छिद्र हवं. मध्ये सहा पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट, म्हणजे ६४ पट जास्त. तो अडवायला लेन्सपुढे करडी काच लावतात, एनडी ६४ फिल्टर. फिरवून कमी-जास्त करता येणारा एनडी म्हणजे एकमेकांवर ठेवलेल्या दोन ध्रुवक काचा. सोयीचा आहे, पण वाइड लेन्सवर शेवटपर्यंत फिरवला तर चित्रावर फुलीसारखा काळा डाग येतो.

आवाजाचा हिशेबही असाच वेळेचा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, एका फ्रेमच्या ४० मिलिसेकंदांत जेमतेम १४ मीटर. सभागृहात मागे, २८ मीटरवर कॅमेरा लावला तर ओठ हलल्यावर दोन फ्रेमनी शब्द येतो. त्यातून कॅमेऱ्यातला माइक शांतता आली की आपोआप आवाज चढवतो आणि पंख्याची घरघर वर आणतो. म्हणून रंगमंचाजवळ वेगळा रेकॉर्डर ठेवावा, सुरुवातीला एक टाळी वाजवावी आणि संकलनात टाळीला टाळी जुळवावी.

पैसे मोजके असतील तर माझा क्रम असा: आधी फ्लुइड हेडचा, म्हणजे कॅमेरा हळुवार वळवता येणारा ट्रायपॉड, कारण हातातला कॅमेरा थरथरला की रोलिंग शटरमुळे इमारती जेलीसारख्या डुलतात. मग रेकॉर्डर आणि माइक, मग एनडी, मग मागच्या पडद्यावर लावायचं भिंगाचं नळकांडं. महागडी लेन्स सगळ्यात शेवटी. आणि मेगापिक्सेलच्या जाहिरातींना भुलू नये. ५डी मार्क २ च्या २१ मेगापिक्सेलमधून १०८०पी व्हिडिओच्या वाट्याला जेमतेम २ येतात. ते काढताना मधल्या ओळी गाळल्या जात, म्हणून बारीक चौकटीच्या शर्टावर रंगीत लाटा उठायच्या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सोनीने अल्फा ९ मार्क ३ जाहीर केला. तो आरसा नसलेला, फुल फ्रेम कॅमेरा आहे, आणि त्यात सगळी पंगत एकाच क्षणी मांडून एकाच क्षणी उचलली जाते. त्यावर खांब तिरके होत नाहीत, पट्टेही दिसत नाहीत. पण लुकलुकत्या दिव्याखाली ३० फ्रेम आणि १/१२५ लावून बघा, पट्ट्यांऐवजी अख्खी फ्रेमच उजळते आणि मंदावते. तिथेही शटर १/५० वरच आणावं लागतं.