झोप लागतच नाही की फक्त उशिरा लागते? आधी हे ओळखा

रात्री दोनपर्यंत टक्क जागे असणारे दोन जण असले तरी दोघांचा प्रॉब्लेम एकच असेल असं नाही बरं का, आणि इथंच लोक भलताच उपाय धरून बसतात.

माझा मामेभाऊ नीटची तयारी करून राहिला, रात्री तीनशिवाय डोळा लागत नाही, घरचे म्हणतात निद्रानाश झाला पोराला. पण क्लासला सुट्टी असली की तोच पोरगा तीन ते अकरा गाढ झोपतो, मधात उठत नाही, उठला की एकदम फ्रेश. म्हणजे झोप चांगली आहे, शरीराचं घड्याळ तेवढं पुढे सरकलंय. याला डिलेड स्लीप फेज म्हणतात, तरुण पोरांत जास्त दिसतं. आमच्या शेजारच्या काकूंचं उलट, नऊलाच अंग टाकतात, अकरापर्यंत कूस बदलणं, तीनला परत जाग, सकाळी कुठं जायचं नसलं तरी झोप नाहीच. हा खरा निद्रानाश, आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिने असं चाललं तर जुनाट धरतात.

पोराला दहालाच लाईट बंद करून झोपवू नका, तो नुसता पडून विचार करत बसतो आणि मग खराच निद्रानाश मागे लागतो. त्याला हवा उजेड, उठल्याबरोबर अर्धा तास. पण तीनला झोपणाऱ्याला एकदम साडेपाचला गच्चीवर नेलं तर घड्याळ अजून पुढे सरकू शकतं, म्हणून आधी तो आपोआप उठतो त्या वेळेला, मग दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं लवकर. मे महिन्यात नागपुरात अकराच्या उन्हात कोण बसणार, व्हरांड्यात सावलीत बसलं तरी खोलीपेक्षा कितीतरी जास्त उजेड मिळतो. रात्री मोबाईल आणि ट्यूबलाईट कमी करायची.

काकूंना पलंगावरचा वेळच कमी करावा लागतो. झोप होते साडेपाच तास आणि पडून असतात साडेआठ, तर बाराला झोपायचं, साडेपाचला उठायचंच, झोप सलग लागायला लागली की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची. ही पद्धत झोपेचे संशोधक आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये मांडली. झोप नाही आली तर उठून हॉलमध्ये कूलरसमोर बसायचं, डोळे जड झाले की परत पलंगावर, दुपारची डुलकी बंद. पहिले काही दिवस फार जड जातात, तिथंच लोक सोडून देतात, नका सोडू. यालाच धरून जी सीबीटी-आय थेरपी आहे, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायचा उपचार, ती गोळीच्या आधी द्या असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2016 मध्येच सांगितलंय.

पलंगावरचा वेळ पाच तासांच्या खाली मात्र कधीच नेऊ नका, आणि फिट येणारे, बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) असलेले, रात्री ट्रक-ऑटो चालवणारे यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हे करूच नये. घोरता घोरता श्वास अडकत असेल तर ते या दोन्हीपेक्षा वेगळं, सरळ तपासून घ्या.