कूलंटचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजू नका

इंजिन ऑइल दरवर्षी न चुकता बदलणारी माणसं कूलंटकडे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाकडे, ढुंकूनही पाहत नाहीत. मुंबईत तर पाणी कधी गोठतच नाही, मग हे महागडं रसायन कशाला, नळाचं पाणी ओतलं की झालं, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. ज्यांनी भरलेलं असतं, तेही डब्यावरचं ‘लाँग लाइफ’ वाचून गाडी विकेपर्यंत निर्धास्त असतात. दोन्हींत नुकसान इंजिनाचं होतं आणि ते सावकाश होत असल्यामुळे लक्षात येत नाही.

कूलंट म्हणजे गोठणं रोखणारं इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि अगदी थोडी गंजरोधक रसायनं. इंधनातून निघालेल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग या द्रवामार्फत बाहेर टाकावा लागतो. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. पण निम्मं ग्लायकॉल मिसळलं, की मिश्रण १०० ऐवजी सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते, त्यामुळे हा आकडा १२५च्याही पुढे जातो. मे महिन्यात सायनच्या सिग्नलला एसी लावून उभ्या असलेल्या गाडीला याच वाढीव अंशांचा आधार असतो. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही तेही यासाठीच. दाब सुटला की आतला द्रव त्याच क्षणी उकळून अंगावर उडतो.

ग्लायकॉल सहजी संपत नाही. संपतात ती गंजरोधक रसायनं, आणि बदलण्याचा सगळा हिशेब त्यांच्यावर आहे. इंजिनात लोखंड, ॲल्युमिनियम, कुठे तांबं, कुठे डाख, असे वेगवेगळे धातू एकाच द्रवात बुडालेले असतात. रसायनं कमी पडली की त्या द्रवातून विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते आणि एकेक धातू झिजू लागतो. त्यात गरम ग्लायकॉल हवेतल्या ऑक्सिजनमुळे हळूहळू ग्लायकॉलिक आणि फॉर्मिक आम्लात बदलत असतं. रेडिएटरच्या नळ्यांची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. तिला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

जुन्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट, नायट्राइट यांसारखे क्षार असत. ते आतल्या सगळ्या पृष्ठभागावर थर चढवायचे आणि त्यातच खर्च व्हायचे. म्हणून दोन-तीन वर्षांत किंवा ४०-५० हजार किलोमीटरला ते बदलावं लागे. लाँग लाइफ प्रकारात सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. पावसाळ्याआधी अख्खी इमारत रंगवण्याऐवजी जिथे ओल आली तेवढ्याच भिंतीला हात लावावा, तसं त्यांचं काम. जिथे गंज धरायला सुरुवात होते तिथेच ते चिकटतात, बाकीचा साठा शिल्लक राहतो. जनरल मोटर्सने १९९०च्या दशकाच्या मध्यात आणलेल्या नारिंगी कूलंटला ५ वर्षं किंवा १,५०,००० मैल, म्हणजे सुमारे २,४०,००० किलोमीटर, अशी मुदत दिली होती. टोयोटाच्या गुलाबी कूलंटला अनेक देशांत पहिल्यांदा १,६०,००० किलोमीटर आणि पुढे दर ८०,००० किलोमीटर असा नियम आहे. होंडाच्या निळ्याला बहुतेक ठिकाणी पहिली मुदत १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटर, नंतरची त्याच्या निम्मी.

दुसरी मुदत निम्मी का? कारखान्यातून निघालेलं इंजिन आतून कोरं आणि स्वच्छ असतं. नंतर रेडिएटरचा खालचा नळ उघडून कूलंट काढलं, तरी ब्लॉकच्या पोकळ्यांत आणि हीटरच्या नळ्यांत जुनं बरंच उरतं. त्यातली आम्लं आणि गाळ नव्यात मिसळतात, आणि नवं कूलंट पहिल्या दिवसापासून त्यांच्याशी झुंजत राहतं.

आता मुंबईचा प्रश्न. समजा एक गाडी सरासरी ताशी २० किलोमीटरने शहरात चालते आणि दुसरी ताशी ६० ने हायवेवर. ४०,००० किलोमीटर होईपर्यंत पहिलीचं इंजिन २,००० तास चाललेलं असतं, दुसरीचं जेमतेम ६६७ तास. कूलंट किती तास तापलं यावर ते किती थकतं हे ठरतं, आणि ओडोमीटर हे तास दाखवत नाही. रोज दादर-अंधेरी करणाऱ्याने किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, वर्षं मोजावीत असं माझं ठाम मत आहे. मॅन्युअलमधली वर्षांची मुदत ही शेवटची मर्यादा समजावी. कूलंटचा प्रकार नक्की माहीत नसेल, तर मी दोन-तीन वर्षांपुढे थांबणार नाही.

आणि ही मुदतसुद्धा मधे कुणी पाणी ओतलं नसेल तरच खरी. सिस्टिममध्ये ५ लिटर कूलंट आहे, गळतीमुळे दर वेळी अर्धा लिटर कमी होतं आणि तेवढंच पाणी भरलं जातं, असं धरा. तिसऱ्या वेळेनंतर मूळ रसायनांपैकी सुमारे २७ टक्के गेलेली असतात. पालिकेचं पाणी भातसा, तानसा अशा तलावांतून येतं आणि तसं मृदू असतं, पण त्यात क्लोरीन असतो. त्यापासून होणारं क्लोराइड ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर फोडून बारीक खड्डे पाडतं. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी तर रेडिएटरच्या आसपासही नको. त्यातले क्षार गरम धातूवर थर धरतात. डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीवाल्याकडे सहज मिळतं, तेच वापरावं. बंद सिस्टिममधली पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर भरत बसण्याऐवजी गळती शोधावी. होजच्या क्लॅम्पपाशी सुकलेली पांढरट किंवा रंगीत पापडी दिसली, तर कूलंट तिथूनच झिरपतंय.

रंग पाहून कूलंट निवडू नका. रंग हा नुसता डाय आहे, त्याला कुठलंही सार्वत्रिक प्रमाण नाही. युरोपातल्या कठीण पाण्यात फॉस्फेटचा गाळ बसतो म्हणून तिथल्या कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं. जपानी कंपन्यांनी वॉटर पंपाचं सील झिजतं म्हणून सिलिकेट टाळलं. एकाच सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांना त्यामुळे वेगळं रसायन लागू शकतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं स्पेसिफिकेशन डब्यावर आहे का, तेवढं पाहा. डबा कॉन्सन्ट्रेटचा (पाणी मिसळावं लागणारा) आहे की प्रीमिक्सचा (आधीच पाणी मिसळलेला), हेही वाचा. प्रीमिक्समध्ये आणखी पाणी घालायचं नसतं.

गॅरेजमधला रिफ्रॅक्टोमीटर ग्लायकॉलचं प्रमाण सांगतो, गंजरोधक किती उरलेत हे त्याला कळत नाही. त्यासाठी आम्लता दाखवणारी पीएच पट्टी थोडी उपयोगी पडते. ताजं लाँग लाइफ कूलंट साधारण ८ ते ८.५ दाखवतं. आकडा ७ च्या जवळ उतरला, तर वाट पाहू नका. टाकीत तपकिरी गढूळपणा म्हणजे गंज, तेलाचा तवंग म्हणजे थेट हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासायची वेळ.

काढलेलं कूलंट गटारात किंवा गॅरेजसमोर सांडू देऊ नका. ग्लायकॉल चवीला गोडसर असतं, म्हणून गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंड बंद पाडतात. काढलेलं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या वर्कशॉपकडे देता येईल का, हे विचारा.

जुनी गाडी विकत घेतली असेल आणि कूलंट कधी बदललं याची नोंद कुठेच नसेल, तर मुदत संपली असं धरून चाला. आधी फ्लश, म्हणजे सिस्टिम आतून धुणं, मग योग्य कूलंट, आणि त्या दिवसाची तारीख सर्व्हिस बुकात.