वॅगन व्हील दिसतं भारी, पण सांगतं काय?

इनिंग संपली की स्क्रीनवर ते वॅगन व्हील येतं बघा, बॅट्समनपासून चहूकडे फुटलेल्या रंगीत रेघा, आणि आपण लगेच म्हणतो, अरे याने लेग साईडला काय धुतलंय! पण जरा थांबा. रेघ सहसा रन निघालेल्या बॉलचीच असते, त्यामुळे ऑफ स्टंपबाहेर हा पठ्ठ्या वीस वेळा चुकला असेल तरी ते या चित्रात कुठेच नाही. त्यात चौकाराची रेघ थेट बाउंड्रीपर्यंत आणि सिंगलची मध्येच संपलेली, म्हणजे डोळा आधी लांब रेघांवर जातो आणि ज्या सिंगल्सवर इनिंग उभी राहिली त्या झाकल्या जातात. ग्राफ खोटा नाहीये हां, तो ‘रन कुठे निघाले’ एवढंच सांगतोय, ‘हा कुठे चांगला खेळतो’ हे आपणच त्यात घुसडतो.

मग ग्राफ चांगला की वाईट हे ठरवायचं कसं? मी आधी बघतो की डोळ्याला नक्की कशाची तुलना करायला लावलीय. १९८४ मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले होते, एकाच पट्टीवरची जागा माणूस सगळ्यात अचूक ओळखतो, नुसती लांबी किंवा कोन त्यापेक्षा कमी, क्षेत्रफळात अजून गडबड आणि रंगाची छटा तर पार तळाला. म्हणून मॅनहॅटन, म्हणजे दर ओव्हरच्या रनचा एक उभा बार असलेला ग्राफ, इतका पटकन कळतो, सगळे बार एकाच रेषेवर उभे, कुठली ओव्हर महाग पडली ते बघताक्षणी दिसतं. वर्म म्हणजे ओव्हरगणिक एकूण रन दाखवणारी रेघ, त्यात रन साठत जातात, तिथे चढ म्हणजे रन रेट, पण एखादी तुफान ओव्हर नुसता छोटासा बाक होऊन जाते.

आणि काही गोष्टी तर वर्मला दिसतच नाहीत. २०१९ ची वर्ल्ड कप फायनल आठवा, लॉर्ड्सवर दोन्ही टीम ५० ओव्हरमध्ये २४१, म्हणजे दोन्ही रेषा एकाच ठिकाणी येऊन थांबणार, सुपर ओव्हरही १५-१५, आणि निकाल लागला बाउंड्रीच्या मोजणीवर, इंग्लंड २६ न्यूझीलंड १७. वर्म कितीही निरखून बघा, हा फरक त्यात नाही.

सगळ्यात जास्त डोकं फिरवतो तो रडार चार्ट, म्हणजे ते कोळ्याचं जाळं, फुटबॉलवाल्यांचं लाडकं, मध्यापासून निघालेल्या प्रत्येक अक्षावर प्लेअरचा एक आकडा आणि ते जोडून रंगवलेला आकार. प्लेअरचे सगळे आकडे दुप्पट केले की आतलं क्षेत्रफळ चौपट होतं, आणि आपण बघतो तो रंगवलेला भागच ना! वर आकडे तेच ठेवून नुसता अक्षांचा क्रम बदला, गोल आधी असो की पास आधी, आकारही बदलतो आणि क्षेत्रफळही, मग दोन प्लेअरची ‘साईज’ बघून काय ठरवणार? तेच आकडे साध्या आडव्या बारमध्ये एकाखाली एक टाकले तर कोण कशात पुढे ते दोन सेकंदात कळतं, फक्त शेअर करायला तितकं झकास दिसत नाही.