नंबर कुणाचा, नाव कुणी दिलं?

यवतमाळ-वाशीमकडच्या आठवडी बाजारात आज कुणाला “भाऊ, मळणीयंत्रवाल्याचा नंबर भेटते का?” असं विचारलं, तर तो आधी मोबाइल काढतो. नाव टाकलं की नंबर येतो, नंबर टाकला की नाव येतं आणि पैसे लागत नाहीत. या सोयीचा इतिहास जाड छापील टेलिफोन डिरेक्टरीपासून सांगायची पद्धत आहे. पण आमच्याकडच्या खेड्यांत ती डिरेक्टरी एखाद्या जिनिंगच्या ऑफिसात दिसली तर दिसायची. गावाचं काम चालायचं ते पी.पी. नंबरावर.

नव्वदच्या दशकात लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, दवाखान्याच्या कागदावर नंबरापुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरं असत. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा. आमच्या एसटीडी बूथवर खिळ्याला टांगलेली एक वही होती. तिच्यात ‘देवळामागचे गुरुजी’, ‘मोठ्या विहिरीजवळची नर्सबाई’ अशा नोंदी होत्या. फोन आला की बूथवरचा पोरगा सायकलवर निरोप द्यायला जायचा आणि पलीकडचा माणूस दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा. कुणी परका माणूस उगाच चौकशी करायला लागला, तर बूथवाले काका “कोण बोलता? काय काम आहे?” एवढं विचारल्याशिवाय कुणाला बोलावत नसत. त्या यादीवर राखण होती. माझ्या मते नंतरच्या एकाही यादीवर तशी राखण राहिली नाही.

२००३ मध्ये मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं आणि पुढच्या काही वर्षांत पी.पी. संपलं. आता नंबर खिशात आले, पण त्यांची यादी कुठेच नव्हती. इथे २००५ मधली एक शिफारस महत्त्वाची ठरते. लँडलाइन आणि मोबाइलची एकत्र डिरेक्टरी असावी, असं दूरसंचार नियामकाने सुचवलं. त्यात लँडलाइनवाल्याचं नाव त्याने नको म्हटलं तरच वगळायचं होतं. मोबाइलवाल्याचं मात्र तो स्वतः हो म्हणाला तरच घ्यायचं होतं.

यावरून आजही दोन मतं आहेत. काहींच्या मते या अटीमुळेच मोबाइलची अधिकृत डिरेक्टरी कधी उभी राहिली नाही, कारण आपण होऊन हो म्हणायला कोण जातो? मला ती अट बरोबर वाटते. लँडलाइन घराची असते, मोबाइल माणसाच्या अंगावर असतो. रात्री बेरात्री तो वाजला तर त्रास एका माणसाला होतो, आणि ते माणूस बाई असेल तर जास्तच. चूक झाली ती पुढे. अधिकृत यादीला संमतीची अट लागली, पण खासगी यादीला अडवणारं कुणी नव्हतं.

ती रिकामी जागा भरली २००९ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या, फोन करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या ‘ट्रूकॉलर’ अ‍ॅपने आणि त्याच्यासारख्या इतरांनी. त्यांचा माल आला लोकांच्या फोनबुकांतून. अ‍ॅप घेणारा ‘अलाऊ’ दाबायचा आणि त्याच्या फोनमधली नावं यादीत जायची. इथे ‘संमती’ या शब्दाचा पार गुंता झाला. संमती दिली फोनवाल्याने आणि यादीत गेला तो, ज्याचा नंबर त्याने सेव्ह केला होता. पुढे अ‍ॅप-स्टोअरचे नियम कडक झाले, पण तोवर नावं गोळा झाली होती. दारव्ह्याकडच्या, गावात आरोग्याचं काम करणाऱ्या एका आशाताईंनी पोराच्या नोकरीसाठी कंपनीत फोन लावला, तर समोरच्याच्या स्क्रीनवर ‘आशाबाई गोळ्यावाली’ असं उमटलं. त्यांनी ते अ‍ॅप कधी घेतलंही नव्हतं.

फुकटच्या याद्यांत एक प्रकार वेगळा काढायला हवा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तहसीलदाराचा नंबर मिळतो तो यामुळे, आणि तो मिळायलाच हवा. दुकानांच्या मोफत याद्यांचं तसं नाही. तिथे कुणीही नोंद टाकू शकतो. बियाणं उगवलं नाही म्हणून कंपनीचा ‘कस्टमर केअर’ शोधणारा शेतकरी भामट्याच्या नंबरावर जातो आणि ओटीपी सांगून बसतो.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा संमती मागतो, पण माणसाने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला तो लागू नाही. कृषी केंद्राच्या भिंतीवर मालकाने रंगवलेला नंबर या सवलतीत बसतो. आशाताईंचा नंबर तसा नाही, तो दुसऱ्यांनी जाहीर केला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नियामकाने नवी शिफारस केली: फोन करणाऱ्याचं नाव कंपनीनेच दाखवावं, सिम घेताना फॉर्मवर लिहिलेलं. फोनबुकातल्या नावापेक्षा हे बरं. पण आमच्याकडे आईच्या हातातलं सिम पोराच्या आधारवर घेतलेलं असतं, सुनेचं सासऱ्याच्या. आईने फोन लावला, तरी समोर नाव पोराचं येणार.